चालीवरून ओळखणारे आजोबा

कारखान्याच्या फाटकावर आजोबांनी उमेदीची सगळी वर्षं उभ्यानं काढली. कारखाना नळांचा होता आणि आजोबांचं काम झडतीचं. पाळी सुटली की कामगार एकामागून एक बाहेर पडायचे आणि आजोबा प्रत्येकाकडे असे बघायचे, की ज्यानं काहीच घेतलेलं नाही त्यालाही आपले खिसे एकदा चाचपून बघावेसे वाटायचे. पितळेवर सगळ्यांचा डोळा. कुणी मोज्यात तोटी खुपसायचा, कुणी जेवणाच्या डब्यात, आणि एका बहाद्दरानं तर बुटाची टाच पोखरून तिच्यात पितळेचे तुकडे भरले होते. एवढ्या माणसांचे खिसे कोण तपासत बसणार? म्हणून आजोबांनी स्वतःपुरती एक विद्या काढली. ते खिशांकडे बघायचेच नाहीत, पाय बघायचे. माणूस काही लपवून नेत असला की ते चालीत उतरतंच, असा त्यांचा सिद्धांत. टाचवाला बहाद्दर त्यांनी असाच पकडला. कामगार त्यांना पाठीमागे दुर्बीण म्हणायचे. आजोबांना ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला सांगा, मनातून आवडायचंही.

दुसरा शिकारीचा प्रकार म्हणजे दुखण्याची सोंगं. सकाळी फाटकातून लंगडत येणारे, रजा मागणारे, आणि संध्याकाळी पाळी सुटल्यावर चेंडूमागे धावणारे. असल्या माणसाला आजोबा बाजूला घेऊन एकच वाक्य ऐकवत, "खरं दुखणं घड्याळ बघत नाही." समोरचा खाली बघायचा. खाली बघणारे सगळेच खोटारडे होते की काही जण नुसतेच दमलेले होते, हा प्रश्न आजोबांना तेव्हा कधी पडला नाही.

नोकरी संपली, पण नजर काही निवृत्त झाली नाही. घरात बिस्किटांच्या डब्याचं झाकण वाकडं दिसलं तरी त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची. दूधवाला हसून बोलला तर का हसला, आणि नाही हसला तर आज का नाही हसला. इमारतीचा जिना उतरताना ते कठड्याला घट्ट धरून, आडवे होऊन, एकेक पाय खाली ठेवत. याचा दोष मात्र गुडघ्याकडे कधी गेला नाही. गवंड्यानं पायऱ्या कमीजास्त उंचीच्या बांधून सिमेंट खाल्लं, असं त्यांचं ठाम मत होतं.

मुलगा मालाची गाडी चालवायचा, त्यामुळे घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. सून बेकरीत पहाटेच्या पाळीला. उजाडायच्या आत ती बाहेर पडायची आणि दुपारी अंगाला पावाचा वास घेऊन परत यायची. मधल्या वेळात नातीला उठवणं, आवरणं, शाळेत पोचवणं आणि आणणं हे सगळं आजोबांकडे. नात सात वर्षांची. एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे.

ही भिंगरी एका सकाळी लंगडली.

अंथरुणातून उठताना तिनं आधी दोन्ही हात जमिनीला टेकले, मग म्हाताऱ्या बाईसारखी हळूहळू उभी राहिली. उजवा पाय गुडघ्यात सरळ होत नव्हता. जिन्यावर एकाच पायरीवर दोन्ही पाय टेकत ती उतरली आणि शेवटी म्हणाली, उचलून घ्या ना आजोबा. कुठे पडलीस का, विचारलं तर नाही. कुणी मारलं का, तर नाही. दुपारी आणायला गेले तर हीच मुलगी शाळेच्या दारातून उड्या मारत बाहेर आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सकाळी लंगडी, दुपारी हरीण.

आजोबांना सगळं लख्ख दिसलं. वर्गावर नवीन बाई आल्या होत्या, जरा कडक होत्या, आणि आता शाळा नको म्हणून ही थेरं. फाटकावर आयुष्य घालवलेल्या माणसाला हे कोण शिकवणार?

रविवारी मात्र थोडी पंचाईत झाली. त्या दिवशी शाळा नव्हती, आणि पोरगी सकाळी लंगडतच स्वयंपाकघरात आली. दुसरा कुणी असता तर इथे थबकला असता. आजोबा थबकले नाहीत. त्यांनी मनातल्या मनात तिला दाद दिली. पक्की आहे, सुट्टीच्या दिवशीही सराव सोडत नाही!

मग त्यांनी सापळा लावला. बाजारातून दोरीच्या उड्यांची नवी दोरी आणली, लाल मुठींची, आणि शाळेतून आल्या आल्या तिच्या हातात ठेवली. भिंगरीनं दप्तर फेकलं आणि गच्चीवर जाऊन उड्या मारायला लागली. आजोबा पाण्याच्या टाकीआडून बघत होते. तिला दम लागला तेव्हा ते पुढे आले.

"सकाळी ज्या पायाला उभं राहवत नव्हतं, तोच ना हा?"

आजोबांनी तिला शेजारी बसवून टाचेत पितळ लपवणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली. आवाज चढवला नाही, तशी त्यांची पद्धतच नव्हती. शेवटी एवढंच म्हणाले, की मला चालीवरून सगळं कळतं, माझ्यापुढे सोंग चालत नाही. दोरी त्यांनी कपाटावर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवसापासून भिंगरीचं लंगडणं बंद झालं. आजोबांनी सुनेला ही हकीकत मीठमसाला लावून सांगितली. सून हसली, कारण तिला रोज दुपारची, नाचणारी मुलगीच दिसायची. तरी मुलगी हल्ली दमते, जेवतही नीट नाही, असं ती म्हणाली. आजोबा म्हणाले, चोरी पकडली गेली की माणसाची भूक जातेच.

पण संशयी माणसाला विजयही पचत नाही. काही दिवसांतच त्यांना नवीन गोष्ट खटकायला लागली. आधी दहादा हाका मारल्याशिवाय न उठणारी पोरगी आता त्यांच्याआधी उठून न्हाणीघरात जाऊन बसायची. आतून नळाचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. बराच वेळ. बाहेर यायची ती पाय पुसत, केस विंचरून, सरळ ताठ चालत. एवढी शहाणी? आजोबांचा यावर काडीचा विश्वास बसला नाही. काहीतरी फोडलंय आणि लपवतेय, नाहीतर आईची पावडर उडवतेय. मुद्देमालासकट पकडायचं त्यांनी ठरवलं.

त्या सकाळी ते मुद्दाम जागे राहून अंथरुणात पडून राहिले. न्हाणीघराचं दार वाजलं, तसे उठले आणि अनवाणी दाराशी गेले. त्या दाराची कडी नीट बसायची नाही, बोटभर फट राहायची.

आत भिंगरी पाटावर बसली होती. गरम पाण्याच्या बादलीतून मगानं गुडघ्यावर पाणी ओतत होती आणि दोन्ही हातांनी पाय थोडा थोडा सरळ करत होती. टॉवेलचं टोक दातांत धरलेलं. मग भिंतीला धरून ती उठली आणि चालायला लागली. भिंतीपासून दारापर्यंत, दारापासून भिंतीपर्यंत. पहिल्या खेपेला पाय फरफटत होता. फरशीच्या दोन लाद्यांमधली रेघ धरून ती चालत होती आणि पाऊल रेघेबाहेर पडलं की पुन्हा भिंतीपाशी जाऊन नव्यानं सुरुवात करत होती. पाचसहा खेपांनंतर पाय बराच सरळ पडायला लागला. तेव्हा तिनं तोंडातला टॉवेल काढला, डोळे पुसले आणि एकदा हसून बघितलं, बाहेर गेल्यावर हसायचं असतं तसं.

फाटकावर आजोबांनी लपवणारे खूप पाहिले होते. पण फाटक ओलांडता यावं म्हणून घरून चालण्याचा सराव करून आलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्यांना एकदम भीती वाटली. ते मागे सरले आणि अंथरुणावर जाऊन बसले. ती बाहेर आली, सरळ, ताठ. त्यांनी तिला जवळ घेऊन फ्रॉक वर केला. उजवा गुडघा डाव्याच्या मानानं चांगलाच फुगलेला आणि हाताला गरम लागत होता. लालीही नव्हती, खरचटलेलंही नव्हतं.

"दुखतंय का?"

"नाही," भिंगरी म्हणाली.

सुनेनं गुडघा बघितला आणि सासऱ्यांशी दोन दिवस मोजकंच बोलली. नेहमीच्या डॉक्टरांनी वाढत्या वयाचं दुखणं असेल म्हणून गोळ्या दिल्या, पण सूज जाईना तेव्हा त्यांनीच मोठ्या दवाखान्यात मुलांच्या सांध्यांच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. आजोबाही सोबत गेले. लहान मुलांच्या सांध्यांचा वेगळा डॉक्टर असतो हेच त्यांना पटेना. वाटेत त्यांनी सुनेला दोनदा बजावलं, की ही मंडळी नसलेला रोग काढून देतात, सावध राहा.

डॉक्टरबाईंनी भिंगरीचा एकेक सांधा हातानं दाबून बघितला, रक्त तपासायला पाठवलं आणि विचारलं, "सकाळी जास्त असतं का? उठल्यावर आखडतं आणि हिंडल्याफिरल्यावर मोकळं होतं?"

आजोबांना राहवलं नाही. ते म्हणाले, "तेच तर. सकाळी लंगडते, दुपारी उड्या मारते. खरं दुखणं कधी घड्याळ बघतं का?"

"हे बघतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "याची ओळखच ती आहे."

मुलांनाही संधिवात होतो, त्यांनी समजावून सांगितलं. तो म्हाताऱ्यांच्या झिजलेल्या गुडघ्यासारखा नसतो. पडल्यानं होत नाही, थंड खाल्ल्यानं होत नाही, आणि कुणी हयगय केली म्हणूनही होत नाही. शरीरात रोगजंतूंवर पाळत ठेवणारे रखवालदार असतात. त्यांची काहीतरी गफलत होते आणि ते आपल्याच घरच्या माणसाला चोर समजून झोडपायला लागतात. हिच्या बाबतीत ते सांध्यांवर उठलेत.

आजोबांचे कान तापले. त्यांनी चोरून सुनेकडे बघितलं. आपली नोकरी कुठली होती हे हिनं आधीच बाईंच्या कानावर घातलेलं दिसतंय, असा त्यांना दाट संशय आला. सून खिडकीबाहेर बघत होती. तिनं काहीही सांगितलेलं नव्हतं.

इलाज लांबलचक होता. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, जिच्या दुसऱ्या दिवशी भिंगरीला मळमळायचं. सकाळी गरम पाण्याचा शेक, जो तिनं स्वतःच शोधून काढला होता. रोजचे व्यायाम. पाय जपायचा म्हणून बसवून ठेवायचं नाही, उलट चालतं-फिरतं ठेवायचं. आणि दर काही महिन्यांनी डोळे तपासायचे. यावर आजोबांनी परत भुवया उंचावल्या, गुडघ्याचं दुखणं आणि डोळे कशाला? बाई म्हणाल्या, या आजारात डोळ्याला आतून सूज येऊ शकते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, पाणी येत नाही. कळतं तेव्हा नजर गेलेली असते. म्हणून सगळं छान दिसत असलं तरी छान आहे असं समजायचं नाही, खास दिव्याखाली बघूनच घ्यायचं. चालीवरूनही सापडत नाही असा चोर आजोबांना पहिल्यांदाच भेटत होता. डोळ्यांची तारीख त्या दिवसापासून त्यांनी कुणाला विसरू दिली नाही.

औषध त्यांनी लगेच मान्य केलं असं मात्र नाही. मळमळ बघून त्यांना वाटायचं, ही गोळीच पोरीला आजारी पाडतेय. एकदा तर ती खिशात टाकून ते गच्चीवर जाऊन उभे राहिले होते. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, खाली आले आणि बाईंना फोन लावला. बाई चिडल्या नाहीत. मळमळ कमी करायला दुसरी एक गोळी असते, ती त्यांनी सांगितली आणि म्हणाल्या, शंका आली की असंच विचारत जा, फक्त परस्पर काही बंद करू नका.

खरी अडचण निघाली ती वेगळीच. भिंगरी काही सांगेना.

दर भेटीत बाई विचारायच्या, सकाळी किती वेळ आखडतं, कुठे दुखतं. भिंगरी आजोबांकडे एक नजर टाकायची आणि म्हणायची, कुठेच नाही. खोलीतून चालून दाखव म्हटलं की लाद्यांची रेघ धरून सैनिकासारखी चालायची. गुडघा उतरला होता, ते खरं होतं. पण तिसऱ्या भेटीत बाईंनी डावा घोटा हातात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. किंचित गरम लागतोय, त्या म्हणाल्या. दुखतो का गं? नाही.

बाईंनी मोठ्यांना बाजूला घेतलं. "सूज मला हाताला कळते. पण सकाळचं ही सांगेल तेवढंच मला कळणार. औषध वाढवायचं की कमी करायचं ते त्यावर ठरतं. मुलं लपवतात, आणि लपवलं तर सांधा आतून खराब होत जातो. तो पुन्हा नीट होत नाही. ही कुणाला घाबरते का?"

सुनेनं सासऱ्यांकडे बघितलं नाही. हे बघितलं नाही ते आजोबांना फार लागलं.

सून औषधं आणायला गेली, तेव्हा ते दोघं बाहेरच्या बाकावर बसले होते. आजोबांनी बरेच दिवस घोळवलेलं एकदाचं बोलून टाकलं.

"मी तुला खोटारडी समजलो. तू खोटी नव्हतीस. मीच चुकीचं बघितलं. आता दुखलं तर सांगत जा मला."

भिंगरी त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "हे पण दोरीसारखंच आहे का?"

आजोबा नाही म्हणाले. पण सापळा लावणारा माणूसही नाहीच म्हणतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? पोरगी त्यांच्याच हाताखाली तयार झाली होती. त्यांच्या शब्दावर ती का म्हणून विश्वास ठेवेल?

त्या आठवड्यात शाळेतून बोलावणं आलं. वर्गबाईंचं म्हणणं, की ही पहिल्या तासाला उभी राहत नाही, लिहायलाही उशीर करते, आणि मैदानावर मात्र छान पळते, तेव्हा घरच्यांनी जरा समज द्यावी. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं काही सुखाचं नसतं. आजोबा चिडले, आणि कुणावर चिडावं ते न कळल्यानं आणखी चिडले. त्यांनी समजावून सांगितलं. बाई "बघू" म्हणाल्या, आणि त्या "बघू"मध्ये पाणी मुरतंय हे आजोबांनी ताबडतोब ओळखलं. म्हणून पालकांच्या सभेत ते न विचारता उठून उभे राहिले.

"माझी नात सकाळी लंगडते आणि दुपारी पळते," ते म्हणाले. "दोन्ही खरं आहे. मी ते सोंग समजलो होतो. तुमच्या घरात कुणी असं करत असेल तर त्याला रागवायच्या आधी त्याचा गुडघा बघा."

एवढंच बोलून ते खाली बसले. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. सभा सुटल्यावर एक गृहस्थ मात्र जिन्यापाशी थांबले होते. त्यांच्या मुलाला सकाळी पेन्सिल धरता यायची नाही आणि ते त्याला आळशी म्हणायचे. डॉक्टरबाई कुठे बसतात, त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

भिंगरी हे सगळं आईला बिलगून ऐकत होती. इमारतीच्या जिन्याशी आल्यावर आजोबांनी कठडा धरला, आडवे झाले आणि एक पाय वर टेकवला.

"पायऱ्या वाकड्या आहेत ना?" तिनं विचारलं. हे तिला लहानपणापासून पाठ होतं.

"नाही गं," आजोबा म्हणाले. "पायऱ्या नीट आहेत. माझा गुडघा दुखतो. मी लपवतो."

सून वरच्या पायरीवर थांबली. भिंगरीनं त्यांच्या गुडघ्याकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि पुन्हा गुडघ्याकडे.

त्यानंतर आजोबांनी तिला काही विचारलं नाही. रोज सकाळी ते आधी उठून पाणी तापवायचे आणि न्हाणीघराबाहेर खुर्ची टाकून, दाराकडे पाठ करून बसायचे. लाल मुठींची दोरी कपाटावरून काढून त्यांनी तिच्या खुंटीला अडकवली. रोज आतून मगाचे आवाज यायचे आणि रोज ती सरळ चालत बाहेर यायची.

मग एका सकाळी ती उठलीच नाही. अंथरुणातून हाक आली. "आजोबा, आज उचलून घ्या."

आजोबा दारात उभे राहिले. तिनं डोळे त्यांच्या चेहऱ्यावर रोखले होते, अगदी पाळी सुटताना ते रोखायचे तसे. खरंच दुखतंय की आपली झडती चाललीय? ती उठून चालली असती तर त्यांना कळलं असतं. पण ती चालत नव्हती, आणि कळून घ्यायची त्यांना इच्छाही झाली नाही. ते वाकले. त्यांचा गुडघा कट्कन वाजला, ते आई गं म्हणाले आणि त्यांनी तिला उचलून घेतलं.

न्हाणीघराच्या दारापर्यंत ती ताठच होती. मग तिची मान त्यांच्या खांद्यावर पडली.

"घोटा पण दुखतो," ती कानात म्हणाली. "डावा. केव्हापासूनच."